थांबा हं, बघते

त्या हॉस्पिटलात कुठल्याही फोनवरून नऊ दाबलं की तिचा आवाज यायचा, म्हणून तिचं नाव पडलं नऊताई. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच राहिलं. बावीस वर्षं ती जिन्याखालच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसली. खोलीला खिडकी नव्हती, पण तिची त्याबद्दल तक्रार नव्हती; जन्मापासून डोळ्यांनी दिसत नसलेल्या बाईला खिडकी असली काय नि नसली काय. एक बोर्ड, एक हेडफोन, एक फिरती खुर्ची, आणि डोक्यात तीनशे बारा नंबर. ते कुठं लिहिलेले नव्हते. म्हणजे होते एका जुन्या वहीत, पण त्यातले निम्मे चुकीचे होते, आणि निम्मे कुठले हे फक्त तिलाच माहीत होतं.

शिवाय नंबर पाठ असणं हा या कामातला सोपा भाग. फोन करणारा कधी विभागाचं नाव घेत नाही. ‘ते जिथं पाय वजनाला बांधून ठेवतात ना, तिथं द्या,’ म्हणतो. ‘माझ्या मावशीला सकाळी आत नेलंय, ती बाहेर आली का?’ असं थेट टेलिफोनलाच विचारतो. नऊताई म्हणायची, ‘थांबा हं, बघते,’ आणि मग या वॉर्डातून त्या वॉर्डात, नर्सला विचार, आयाला विचार, असं करत ती मावशी हुडकून काढायची. ‘बघते’ म्हटल्यावर नव्या वॉर्डबॉयांना हसू फुटायचं. ‘हसा,’ ती म्हणायची, ‘पण मावशी सापडली ना?’

तिचा एकच नियम होता. समोरच्याचं बोलणं मध्येच तोडायचं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिच्या हातून एकदा तसं घडलं होतं. एका माणसाला वॉर्डातून काहीतरी कळवलं गेलं, मग लाईनवर शांतता पसरली, बोलणं संपलं असं समजून तिनं लाईन काढून घेतली. तो माणूस नुसता आवंढा गिळत होता. त्या दिवशी बाहेरच्या सगळ्या लाईनी भरलेल्या. त्याला पुन्हा फोन लागला तो तासाभरानं, आणि ज्याच्याशी बोलायचं होतं ते माणूस तोवर उरलं नव्हतं. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ‘ताई, मी बोलत होतो हो,’ एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून कुणी कितीही वेळ गप्प बसो, कितीही पाल्हाळ लावो, ती थांबायची. वरचे साहेब तिच्या नावानं खडे फोडायचे. ही ढिम्म.

अशा बाईच्या हातात एका सोमवारी कागद पडला. तो तिला रेकॉर्डवाल्या काकांनी वाचून दाखवला. हे काका वरच्या मजल्यावर जुन्या पेशंटच्या फायली सांभाळायचे. निवृत्तीला वर्ष उरलेलं, त्यामुळे कुणाला भिण्याचं कारणही उरलेलं नव्हतं. कागद म्हणत होता की तीन महिन्यांनी एक्स्चेंज बंद होईल आणि फोन मशीन उचलेल. ज्या कर्मचाऱ्यांच्या जागा जातायत त्यांनी प्रोग्रामिंगचा वर्ग करावा. शेवटी परीक्षा. पास होतील ते कॉम्प्युटर विभागात जातील, आणि उरलेल्यांचे व्यवस्थापन मनापासून आभार मानते.

‘आभार मानलेत म्हणजे काढलंच,’ काका म्हणाले.

नोकरी गेली तर तिच्यावर उपाशी मरायची वेळ येणार नव्हती. दादा होता, वहिनी होती, दोघंही जीव लावणारी. तिला भीती होती ती त्यांच्या जीव लावण्याचीच. त्या घरात तिला कुणी चहाचा कप उचलू देत नसे. ती कामावरून आली की ‘तू बस गं’ म्हणून तिला बसवलं जायचं, आणि ती झोपेपर्यंत बसून राहायची. अकरा वर्षांपूर्वी तिनं कसाबसा धीर करून एक खोली भाड्यानं घेतली. दारापासून ओट्यापर्यंत पाच पावलं, ओट्यापासून कॉटपर्यंत तीन. काडेपेटी जिथं ठेवावी तिथंच सापडायची. खोलीची किल्ली ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. नोटीस आल्यापासून तिचा हात दिवसातून पन्नास वेळा त्या किल्लीकडे जाऊ लागला.

वर्ग घेणारे सर तिशीतले, गोड बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गातल्या सातही जणांच्या कॉम्प्युटरवर एक भलंमोठं सॉफ्टवेअर घालून दिलं. त्याला ते स्टुडिओ म्हणत. ‘बाहेर मोठमोठ्या कंपन्यांत हेच वापरतात, सुरुवातीपासून सवय असलेली बरी,’ असं त्यांचं म्हणणं. डावीकडे फायलींची यादी, उजवीकडे आणखी कसली तरी यादी, खाली चुकांची पट्टी, वर बटणांच्या दोन रांगा, आणि या गर्दीत अंग चोरून बसलेली लिहायची जागा. अक्षरं गिरवायला बसलेल्याला छापखाना आणून द्यावा, त्यातला प्रकार. आणि सर काही वाईट नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर धड चिडताही यायचं नाही.

नऊताईच्या कॉम्प्युटरवर पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. बाईचा आवाज, हेडफोनमधून. नऊताईनं तिचं नाव ठेवलं बडबडी. एक अक्षर दाबलं की स्टुडिओला वाटायचं, हिला पुढचा शब्द सुचवावा. चौकट उघडायची, तीत आठ शब्द, आणि बडबडी आठही वाचायची. मध्येच नवी आवृत्ती आल्याची खबर. मध्येच, तुम्हाला मदत हवी आहे का? ओळ संपली म्हणून एन्टर दाबावं, तर सुचवलेल्यांतला भलताच शब्द ओळीत घुसायचा.

आता, न दिसणारे जे लोक रोज कॉम्प्युटरवर काम करतात ते बडबडीला पुरतं बोलू देतच नाहीत. कंट्रोलची की दाबली की ती गप्प. अर्ध्या शब्दावर तोडायचं आणि पुढं जायचं. सरांनी कुठून तरी वाचून हे नऊताईला सांगितलंसुद्धा. पण तिचं बोट त्या कीवर जाऊन तिथंच थांबायचं. समोरची बोलतेय आणि आपण तोडायचं? ते मशीन आहे हे डोक्याला कळत होतं, बोटाला कळत नव्हतं. मग ती आठही शब्द ऐकून घ्यायची, नवी आवृत्ती ऐकून घ्यायची, आणि तेव्हा कुठं दुसरं अक्षर दाबायची.

सहा आठवडे असे गेले. बाकीच्यांचे वीस-वीस प्रोग्राम लिहून झाले. लाँड्रीची सुपरवायझर पहिल्या दिवशी माऊस उलटा धरून बसली होती, तिचंसुद्धा मशीन आता पाढे म्हणून दाखवायला लागलं. नऊताईचा एकही प्रोग्राम चालला नव्हता. सर जवळ येऊन वाकायचे आणि म्हणायचे, ‘ताई, ते कोपऱ्यात निळं दिसतंय ना...’ आणि जीभ चावायचे. मग दोघंही गप्प व्हायचे, आणि त्या गप्प बसण्यातही बडबडीचं चालूच असायचं.

अशात दादाचा फोन आला. ‘पॅसेजमध्ये माप घेतलंय बरं का. तुझी कॉट अगदी बरोबर बसते. तू काही काळजी करू नकोस.’

तिनं ‘बरं दादा’ म्हटलं. त्या दुपारी डबा उघडला तसाच बंद केला. आपण चव्वेचाळीस वर्षांच्या आहोत आणि अजून पुष्कळ वर्षं जगणार आहोत, याची तिला पहिल्यांदाच धास्ती वाटली.

सातव्या आठवड्यात तिनं ऑपरेशन थिएटरला रक्तपेढीऐवजी लाँड्रीशी जोडून दिलं. सर्जन दोन पिशव्या मागतायत आणि पलीकडून उत्तर येतंय की चादरी उद्या मिळतील. मिनिटभरात तिनं ते निस्तरलं, पेशंटला काही झालं नाही. पण बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. नवं येत नव्हतंच, आता जुनंही हातातून निघालं.

हॉस्पिटलात असली बातमी जिन्यानं नाही, लिफ्टनं फिरते. जेवणाच्या सुट्टीत काका खाली हजर.

‘चल, वर्गात चल. काय करतेस ते मला दाखव.’

‘करतच नाही काही, काका. तेच दाखवायचं?’

‘तेच दाखव.’

वर्ग रिकामा होता. काकांनी हेडफोनची एक बाजू आपल्या कानाला लावली. दोन मिनिटं ऐकलं आणि काढून टाकली.

‘ही बया गप्प कधी बसते?’

‘बसत नाही.’

‘आणि असल्या कलकलाटात तुला विचार करायला सांगितलाय? मला तर माझं नाव आठवेना.’

काका काही कॉम्प्युटरवाले नव्हते. पण तीस वर्षांपूर्वी रेकॉर्डमध्ये पहिलं मशीन आलं तेव्हा त्यांना चार महिने शिकायला पाठवलं होतं. तेव्हा नुसता काळा पडदा असायचा. ‘आपण एक ओळ लिहायची, ते एक ओळ उत्तर द्यायचं आणि गप्प. तुझ्या बोर्डासारखं गं. ते अजून आत कुठंतरी असणार. वरून हा बाजार मांडलाय, एवढंच.’

त्यांनी स्टुडिओ बंद केला आणि नोटपॅड उघडलं. नोटपॅडला काही सुचत नाही, काही कळत नाही. जे दाबाल ते अक्षर उमटतं आणि विषय संपतो. काकांनी अर्धा तास खटपट करून, चष्मा वर-खाली करत, जुन्या पद्धतीची काळी खिडकीही शोधून काढली. मग नऊताईनं नोटपॅडमध्ये एकच ओळ लिहिली. मशीननं ‘बोला’ म्हणावं, बस्स. फाईल ठेवली, काळ्या खिडकीत त्या फाईलचं नाव लिहिलं आणि एन्टर दाबलं.

‘बोला,’ बडबडी म्हणाली.

आणि थांबली.

नऊताई सवयीनं पुढचं ऐकायला बसली. पाच मोजले, दहा मोजले. हेडफोनमध्ये काही नाही.

‘बिघडलं का हो?’

‘बिघडलं काय? तिचं झालं बोलून. आता तुझी पाळी.’

नऊताईनं टेबलावर डोकं टेकलं आणि ती हुंदके देऊन रडली. काका कावरेबावरे झाले. ‘अगं एका शब्दाला एवढं? अजून बेरीज बाकी आहे,’ ते म्हणाले, आणि फायली उघड्या राहिल्यात असं सांगून वर पळाले.

पुढचे पाच आठवडे तिचं काम खरोखर चाललं. चूक झाली की काळी खिडकी एवढंच सांगायची: अमुक ओळीत चूक आहे. ती त्या ओळीवर जायची, दुरुस्त करायची, पुन्हा चालवायची. तीनशे बारा नंबर डोक्यात वागवणाऱ्या बाईला चाळीस ओळी पाठ ठेवणं काय जड! काही ओळी चार मोकळ्या जागा सोडून लिहाव्या लागत आणि मोकळी जागा बडबडी वाचत नसे. नऊताई स्पेसच्या कीवर चार टिचक्या मोजायची, खोलीत पावलं मोजायची तशी. जेवणाच्या सुट्टीत एक प्रोग्राम, संध्याकाळी घरी निघण्याआधी एक. सरांनाही आश्चर्य वाटलं. ‘ताई, तुम्ही तर लाँड्रीला मागं टाकलंत,’ ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

मग तिनं स्वतःच्या हौसेनं एक मोठा प्रोग्राम करायला घेतला. लोक काय विचारतात ते लिहायचं, प्रोग्रामनं नंबर सांगायचा. त्यात तिनं तीनशे बारा नंबर घातलेच, शिवाय प्रत्येकाला लोक काय काय म्हणतात तेही घातलं. पाय वजनाला बांधतात ते. मशीनमधून आरपार काढतात ते. नवी बाळं काचेत ठेवतात ते. बावीस वर्षं ऐकलेलं सगळं तिच्या बोटांतून त्या साध्या फाईलमध्ये उतरत गेलं.

‘आणि विचारलेलं यादीत नसेल तर?’ काकांनी विचारलं. ‘तिथं लिही, सापडलं नाही.’

‘असं कधी कुणाला म्हणतात का काका? माणूस आधीच घाबरलेला असतो.’ तिनं शेवटच्या ओळीत लिहिलं: थांबा हं, बघते.

‘मशीन कुठलं बघतंय डोंबलाचं!’

‘मशीन नाही बघणार. पुढचं मी बघेन ना. मी असेनच की त्या विभागात.’

दुसऱ्या दिवशी काका सरांकडे गेले आणि नऊताईला परीक्षा नोटपॅडमध्ये देऊ द्या म्हणाले.

‘काका, प्रोग्राम स्टुडिओतलंच बटण दाबून पाठवायचा असतो. वेळही तिथंच मोजली जाते. बाहेर लिहून आणून चिकटवलं तर ते कॉपी समजतं. हे मी नाही ठरवलेलं.’

‘मग कुणी ठरवलं?’

ते सरांना माहीत नव्हतं. त्यांनी वर विचारलं. एकदा नाही, दोनदा विचारलं. वरून उत्तर आलं की नियम सर्वांना समान आहेत.

परीक्षा सकाळी होती. दोन तास, पाच प्रोग्राम, तीन झाले की पास. प्रश्न वाचून दाखवले गेले आणि पाचही तिला ऐकता ऐकताच सुटले. हेच सांगताना जीव तुटतो. काय लिहायचं ते सगळं तिच्या डोक्यात ओळीनं तयार होतं, फक्त तिथून बाहेर यायचं होतं. तिनं पहिलं अक्षर दाबलं आणि स्टुडिओला आठ शब्द सुचले.

पहिली वीस मिनिटं ती ऐकत बसली. मग तिनं एका हातानं किल्ली धरली आणि दुसऱ्या हातानं आयुष्यात पहिल्यांदा कंट्रोल दाबून समोरचीला तोडलं. ‘तुम्हाला मद...’ एवढ्यावर आवाज तुटला. ताई, मी बोलत होतो हो. तिनं पुन्हा तोडलं. पुन्हा. तळहात घामानं ओले झाले, बोटं सरकू लागली. आणि घाईनं तोडताना कामाचंही तुटत होतं: कुठली ओळ, कुठला शब्द आत घुसला, कळेना. तिसऱ्या ओळीत एक आगंतुक शब्द शिरून बसला होता, तो सापडायला पंधरा मिनिटं गेली. एक झाला. दुसरा झाला. तिसऱ्याच्या शेवटच्या ओळीसाठी तिनं चार टिचक्या मारल्या, दोन शब्द लिहिले, आणि स्टुडिओनंच तिला मध्ये तोडलं.

‘वेळ संपली आहे,’ बडबडी म्हणाली. हे मात्र ती पूर्ण बोलली.

‘सर, मी लिहीत होते हो,’ नऊताई म्हणाली.

सर खाली मान घालून उभे राहिले. तिला ते दिसलं नाही, पण त्यांचा श्वास ऐकून तिला कळलं.

काकांचं मात्र डोकं फिरलं. नऊताईची ती मोठी फाईल घेऊन ते थेट वरच्या साहेबांकडे गेले आणि दार न वाजवता आत शिरले. ‘जी बाई हे लिहू शकते तिला तुम्ही नापास करताय!’ साहेबांनी शांतपणे फाईल बघितली. तिथं फोन उचलणाऱ्या नव्या मशीनचे लोकही बसले होते. दोन महिने ते जुन्या वहीवरून मशीनला नंबर शिकवत होते, आणि चाचणीतला प्रत्येक दुसरा फोन भलतीकडे लागत होता. फाईल बघून त्यांचे चेहरे उजळले. फार छान काम आहे, ते म्हणाले, आणि फाईल ठेवून घेतली. परीक्षेचा नियम होता तिथंच राहिला.

‘मी घोडचूक केली गं,’ काका तिच्याजवळ बसून म्हणाले. ‘तुझं होतं नव्हतं ते मीच नेऊन त्यांच्या हातात दिलं.’

‘असू दे काका. लोकांना नंबर तरी बरोबर लागेल,’ ती म्हणाली, आणि हेडफोन पुसून बोर्डावर ठेवला.

महिनाअखेरीला तिनं खोलीची किल्ली घरमालकांना परत दिली. गळ्यातला दोरा तसाच राहिला. कॉट पॅसेजमध्ये खरंच बरोबर बसली. वहिनीनं नवी चादर घातली, दादानं डोक्याशी पंखा लावला, आणि दोघांनीही सांगितलं की आता तिनं काही करायचं नाही.

पंधरा दिवस तिनं काही केलं नाही. सोळाव्या दिवशी दुपारी, दादा कामावर आणि वहिनी स्वयंपाकघरात असताना, तिनं भिंत चाचपत फोन गाठला आणि हॉस्पिटलचा नंबर लावला. एका घंटेत उचलला गेला.

‘नमस्कार. कुठं फोन जोडू?’ बाईचा आवाज. बडबडीची बहीण शोभावी असा.

‘ते... पाय वजनाला बांधतात ते.’

‘दोनशे सतरा. जोडू का?’

बरोबर होतं. ‘नको,’ ती म्हणाली. मग तिनं काचेतली बाळं विचारली, तेही बरोबर आलं. लाँड्री, रक्तपेढी, एकेक विचारत गेली. सगळं तिचंच होतं, तिनं मोजून मोजून लिहिलेलं. तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

‘नऊताई आहेत का?’ तिनं विचारलं.

हे नाव यादीत नव्हतं. तीनशे बारा नंबर घालताना स्वतःला घालायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

‘थांबा हं, बघते,’ पलीकडची म्हणाली.

आणि गप्प झाली. त्या ओळीच्या पुढं फाईलमध्ये काहीच लिहिलेलं नव्हतं.

‘वन्सं, कुणाशी बोलताय?’ स्वयंपाकघरातून वहिनीनं विचारलं. ‘चहा ओतलाय. तुम्ही उठू नका हं, मी आणते.’

‘थांबायला सांगितलंय,’ नऊताई म्हणाली.

‘कुणी?’

तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. पलीकडं कुणी बघत नाहीये, हे तिच्याइतकं पक्कं जगात कुणाला माहीत नव्हतं. वहिनी चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली, तरी तिनं फोन तोडला नाही.